वीस डिग्रीचं कौतुक

मी नागपूरची, जी. हे पहिले लिहून घ्या, कारण पुढं मी उन्हाबद्दल जे बोलणार आहे ते नागपूरच्या बाईचं बोलणं आहे, तुमच्या पुण्याच्या बाईचं नाही. पुण्यात काय ऊन असते, पुण्यात ऊन पडलं तर लोक टोपी घालून फिरायले निघतात. आमच्या इंदोऱ्यात मे महिन्यात दुपारी बाराले रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं. बाबा गिरणीत होते, शिफ्टले निघाले की माय त्यांच्या खिशात कांदा ठेवायची, लू लागू नये म्हणून, डोक्याले ओला दुपट्टा, आणि तरी एका वर्षी आमच्या गल्लीतला चांगला धडधाकट माणूस सायकलवरून पडला तो उठलाच नाही. तर ऊन म्हणजे आमच्यासाठी दाराबाहेर बसलेला दुश्मन. त्याचं कौतुक करायचं असते हे मले माहीतच नव्हतं. ते मी या देशात आल्यावर पाहिलं, आणि अजून मले ते जमलं नाही.

लग्न होऊन इंग्लंडात कॉव्हेंट्रीले आली. मिस्टर कार फॅक्टरीत होते, फॅक्टरी बंद झाली तर मंग बस चालवली. मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत लागली, चादरी, गाऊन, टॉवेल, सगळी जिंदगी गरम वाफेत गेली, म्हणून इथल्या थंडीचं मले कधी एवढं वाटलं नाही, आतून शिजून निघायची ना मी. एकच पोरगी, संघमित्रा, घरी आम्ही मित्रा म्हणतो. फार्मसी शिकली, कार्डिफले नोकरी लागली, तिथंच रिस भेटला. वेल्श पोट्टा आहे. चांगला आहे, खोटं काहून बोलू. पहिल्यांदा घरी आला तर बूट दाराबाहेर काढले, बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभा राहिला, हात जोडले, कसे तरी वाकडे जोडले, पण कोणी न सांगता जोडले. माझी रिसवर काही तक्रार नाही. माझी तक्रार त्याच्या मायवर होती, आणि तिच्या त्या हवामानावर.

रिसच्या मायचं नाव ग्वेन. तिचा स्पेनमध्ये समुद्रकाठी एका गावात फ्लॅट आहे, गावाचं नाव घ्यायले माझी जीभ वळत नाही. तिनं काढलं की लग्न तिथं करू. कागदावरचं कार्डिफच्या रजिस्ट्रीत उरकून टाकू आणि खरं लग्न तिकडे, बीचवर, पुढच्या एप्रिलमध्ये. काहून, तर म्हणे वेदर. इथं कॉव्हेंट्रीत काय भरवसा, पाऊस पडला तर सगळा डे स्पॉइल. मी म्हटलं, आपल्या विहाराच्या हॉलले छत आहे ना. मित्रा म्हणाली, मम्मी, प्लीज. बरं, माणसं किती? तर म्हणे चोवीस. अवो, आमच्या इथं चोवीस जणी तर पोळ्या लाटायले असतात. पोरगी पाळण्यात होती तेव्हापासून मी डोक्यात ते लग्न मांडून ठेवलं होतं, पांढरी साडी, भन्तेजी, आपली माणसं, अडीचशे पान. आता इथं नर्सिंगले आलेल्या आपल्या नव्या पोरी इंडियन पासपोर्टवर, त्यांले शेंगेन व्हिसा लागते, त्या कुठून येतील? आणि ताराबाई? ताराबाई म्हणजे इथली माझी बहीण समजा, तीस वर्षांपासून विहाराच्या किचनमध्ये आम्ही दोघी मिळून रांधतो, मिस्टर गेले तेव्हा आठ दिवस माझ्या घरी झोपली, मले हातानं घास भरवले तिनं. ती बाई चोवीस जणांत बसत नाही आणि ग्वेनच्या ब्रिज क्लबच्या दोघी बसतात. माझं डोकंच फिरलं.

तर ग्वेनचं म्हणणं पडलं की सुमनले, म्हणजे मले, एकदा जागा दाखवा, तिले आवडणारच. या ईस्टरले घेऊन गेले मले. मी मनात ठरवूनच गेली होती की आवडू द्यायची नाही. काय सांगू तुम्हाले, मी विमानात बसून पाऊस मागत होती. आयुष्यात पहिल्यांदा.

आणि पडला का? नाही. एक दिवस नाही. सकाळी उठावं तर आभाळ धुतल्यासारखं निळं. फ्लॅटमधली फरशी मात्र बर्फासारखी, हीटिंगचा पत्ता नाही, मी दोन-दोन मोजे घालून चहा करून राहिली आणि ग्वेन बाल्कनीत हाफ पँट घालून, हात पसरून म्हणते, सुमन, इझन्ट इट ग्लोरियस. अकरा वाजता जरा ऊब येते. गल्लीत संत्र्याची झाडं, त्याले पांढरी फुलं, वास मात्र चांगला, ते मी कबूल करते, नागपूरच्या माणसानं संत्र्याले नावं ठेवू नये. दुपारी वीस डिग्री. वीस! आणि त्या वीस डिग्रीचं काय ते कौतुक, बॉइलिंग आहे म्हणे, सनक्रीम लाव म्हणे. तीन वाजले की समुद्रावरून वारा सुटायचा, टेबलावरचे नॅपकिन उडायचे, दाताखाली वाळू, आणि संध्याकाळी हॉटेलवाले खुर्च्यांवर ब्लँकेट ठेवायचे. ज्या बीचवर जेवायले पाय ब्लँकेटात गुंडाळावे लागतात तिथं माझी पोरगी लग्न करणार. आणि गावच्या बाया पाहाव्या तर जाड जॅकेट, गळ्यात मफलर, कुत्रं घेऊन चाललेल्या. पाण्यात उतरून किंचाळणारे सगळे आपल्या इंग्लंडचे गोरे. मी मित्राले म्हटलं, हे पाह्य, इथं जन्म गेला त्या बाया जॅकेटात फिरून राहिल्या, त्यांले जास्त समजते की तुझ्या सासूले? ती हसली नाही. एका दुपारी डोंगराकडून काळे ढग आले, मले एवढा आनंद झाला की मी बाल्कनीत जाऊन उभी राहिली. अर्ध्या तासात तेही पळाले. ढगही त्यांच्याच बाजूचे.

पण हाताची सवय वाईट असते, बाई. फ्लॅटवर गच्ची होती. मोठी, रिकामी, चारही बाजूंनी ऊन. मी दोन दिवस तिच्याकडे पाहिलं, तिसऱ्या दिवशी राहवलं नाही. उसळीसाठी, म्हणजे तुमच्या खिचडीसाठी, साबुदाणा नेला होता घरून, तोच रात्री भिजवला, सकाळी मीठ-जिरं घालून शिजवला, आणि गच्चीवर प्लॅस्टिक अंथरून चमच्या-चमच्यानं पापड्या घालायले बसली. कॉव्हेंट्रीत एवढ्या वर्षांत मी वाळवण घातलं नव्हतं, कुठं घालणार, बॉयलरच्या कपाटात? ओळीनं पापड्या घालता घालता कशी रमली मलेच समजलं नाही, गाणं गुणगुणून राहिली होती म्हणे. मागं वळून पाहते तर मित्रा. शेजारी बसली, दुसरा चमचा घेतला, चार पापड्या घातल्या, वाकड्यातिकड्या. मंग हळूच म्हणते, पाहिलं मम्मी, तुला पण आवडली ना ही जागा.

झालं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, कारण पकडली ना मले पोरीनं, माझ्याच पापड्यांत पकडली. मी म्हटलं, जागेचा प्रश्न नाही, माणसांचा आहे. हवा चांगली म्हणून कोणी लग्न करते का? आणि बोलता बोलता मले जे आठवलं ते मी बोलली. मी म्हटलं, मित्रा, तुझ्या पप्पांच्या मयतीले दिवसभर पाऊस होता. दोनशे माणूस आलं. वेदर कोणी विचारलं नव्हतं.

मले वाटलं आता पोरगी रडेल, माझ्या गळ्यात पडेल, मी जिंकली. ती रडली नाही. चमचा पातेल्यात ठेवला आणि म्हणाली, मम्मी, वेदरसाठी नाही करत मी इथं. ते ग्वेनचं रीझन आहे. माझं वेगळं आहे. मी म्हटलं, काय वेगळं? तर सांगायले तयार नाही. मीही उठायले तयार नाही. पापड्या तशाच, साबुदाणा पातेल्यात घट्ट व्हायले लागला. शेवटी सांगितलं.

मागच्या वर्षी आपल्या हॉलमध्ये यांची एंगेजमेंट झाली, त्या दिवशीची गोष्ट. मी बाहेर पंगतीत वाढत होती. मित्रा आणि रिस उष्टे ट्रे घेऊन किचनमध्ये गेले, बायांची पाठ होती, त्यांले दिसलं नाही. आणि ताराबाई पुऱ्या तळता तळता बोलून राहिली होती, सुमनची पोरगी सुटली बाप्पा एकदाची, वय झालं होतं, त्यात रंग हा असा, आपल्यात कोणी केली नसती, गोऱ्याले काय, त्याले आपण सगळे सारखेच काळे. आणि सगळ्या हसल्या. मित्रा म्हणते, सगळ्या हसल्या मम्मी, ज्यांनी मला लहानपणी आंघोळ घातलीय त्या पण. रिस बाजूला उभा. त्यानं विचारलं, व्हॉट डिड शी से? आणि माझ्या पोरीनं त्याले सांगितलं, शी सेज शी होप्स यू लाइक द फूड.

तो पोट्टा थँक्यू म्हणाला, ताराबाईले. दोन हात जोडून.

वर्षभर पोटात ठेवलं हिनं. मले सांगितलं नाही, काहून, तर मम्मीले दुसरं कोण आहे, मम्मीचे तेच लोक आहेत. म्हणून बीच, म्हणून चोवीस माणसं. आणि मी मूर्ख ऊन-पावसावर भांडून राहिली होती. मी पोरीले जवळ घेतलं नाही, माझे हात चिकट होते, पण म्हटलं, तू लग्न इथंच कर. वारा असो का वाळू असो. मंग उरलेल्या पापड्या आम्ही दोघींनी घातल्या.

परत आली ती जयंतीले. आम्ही जवळच्या रविवारी करतो, सगळ्यांले सुट्टी तेव्हाच असते. तेच किचन, त्याच बाया, वांग्याची भाजी शिजून राहिली होती, ताराबाई नेहमीसारखी कढईजवळ. मले पाहून म्हणाली, ये वो सुमन, कशी होती हवा? मी गॅस बंद केला. तिच्याच गॅसचं बटण फिरवलं मी. सरळ विचारलं, मित्राच्या एंगेजमेंटले तिच्या रंगावरून ते शब्द तू बोलली का? तिनं पहिले इकडंतिकडं पाहिलं. मंग म्हणाली, बोलली असेन, आपण बायाबायांत काय काय बोलतो, मजाक होती, एवढ्याशासाठी कोणी गॅस बंद करते का? माझ्या डोक्यात विस्तव पेटला. ज्या माणसाच्या जयंतीचं जेवण आपण रांधून राहिलो त्या माणसानं आपल्याले काय शिकवलं, कोणाले रंगावरून, जन्मावरून खाली पाहायचं नाही, हेच ना? बाहेर स्टेजवर तेच भाषण चालू होतं, माइकचा आवाज किचनमध्ये येऊन राहिला होता. आणि इथं माझ्या पोरीचा भाव ठरवला होता, कातडी पाहून, आपल्याच बायांनी, हसत. बाहेरच्यांनी केलं असतं तर मोर्चा काढला असता आपण.

ताराबाई रडायले लागली. म्हणाली, मी तुझ्या घरी आठ दिवस झोपली ते विसरली का? तेच तर काळीज खाऊन राहिलं होतं माझं. तरी मी बोलली. मी म्हटलं, तारा, माझ्या घरच्या मरणात तू आली, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण माझ्या घरच्या लग्नात तू नाही.

मी पदर खोचला, गॅस परत पेटवला आणि पुऱ्या मी तळल्या, दोनशे माणसं बाहेर जेवायची होती, त्यांचा काय गुन्हा.

आता काही बाया माझ्याशी बोलत नाहीत, म्हणतात सुमनले गोरी विहीण मिळाली तर डोकं आभाळात गेलं. जाऊ द्या. दोघी-तिघी घरी येऊन मित्राले फोन लावून माफी मागून गेल्या, त्यांचंही लिहा. ग्वेनले हे काही माहीत नाही, ती अजून म्हणते सुमनले वेदर आवडलं म्हणून ती तयार झाली, मी म्हणते, हो, आवडलं. सांगणार नाही तिले. आपल्या घरातली गोष्ट आहे, कितीही चिडली तरी घरातलीच आहे. भन्तेजींचं तिकीट काढलं, माझ्या भावाचा व्हिसा व्हायचा आहे, झाला तर पंचवीस होतील, नाही तर चोवीस.

आणि आता मी रोज त्या गावासाठी ऊन मागते. पावसाचा थेंब नको, वारा नको, आभाळ निळं पाहिजे, वीस डिग्री तर वीस डिग्री, मी साडीखाली थर्मल घालीन, माझं काय. पोरगी सुखी राहो, रिस सुखी राहो. ग्वेन राहो तिच्या हाफ पँटमध्ये. ताराबाईही सुखी राहो.

तिच्या घरी.