यांचं बोलनं ऐकू आलं पाहिजे

माझं माहेर सिद्धेश्वरच्या धरनाकडंचं. थोडी शेती, बाकी बाप धरनात जाळं टाकायचा, आन् माय काठावर उभी राहून त्याला जेवायला हाक मारायची, ती हाक पान्यावरून पार पल्याड जायची, म्हनून आमच्या घरात सगळ्यांचाच आवाज मोठा. लगीन ठरलं तव्हा माय म्हनली, गया, सासरी हळू बोलत जाय, ती शेतकरी मानसं हायेत, त्यांच्यात बायका हळू बोलतात. मंग मी गोरेगावला नांदायला आले ती हळू बोलाया लागले. इचारलं तर दोन शब्द, न्हाई तर गप. सासू सगळ्यांना सांगायची, आमची सून लई गरीब हाय. गरीब कशाची, आवाज पोटात दाबून बसले व्हते मी.

आन् आमचे हे त्याच्या उलट. यांची जीप व्हती, म्हंजे हाये की अजून, फोर बाय फोर, जुनी, चारी चाकं ओढनारी. गोरेगाव ते सेनगाव शिटं न्यायची, आन् मधी फाट्यावरून आत एक बंजाऱ्यांचा तांडा हाय, तिथल्या लोकांना आनायचं-सोडायचं. स्टँडवर हे उभे राहिले आन् सेनगाव सेनगाव सेनगाव म्हनून वरडले की बाजाराच्या त्या टोकाची बाई हातातली शेपूची जुडी खाली टाकून पळत यायची. घरी बी तोच आवाज. चहा मागितला तरी शेजारचा दचकून उठायचा. मी म्हनायची, अहो हळू, मी काय सेनगावला चालले का?

मंग यांच्या गळ्यात गाठ निघाली. नांदेडला नेलं. डॉक्टरनं आधीच सांगितलं, गाठ वंगाळ जागेवर हाय, जीव वाचंल पन आवाज जाईल कदाचित. मी म्हनलं, जीव ठिवा डॉक्टरसाहेब, आवाजाचं बघू पुढं. तर जीव राहिला आन् आवाज गेला. गेला म्हंजे अगदीच न्हाई, पन चुलीवर फुंकर घातल्यावानी बोलतात, जवळ कान नेला तर कळतंय, न्हाई तर नुसते ओठ हलताना दिसतात. गाठ साधी निघाली, तेवढं देवानं बरं केलं.

घरी आल्यावर काही दिवसांनी हे जीप घेऊन स्टँडवर गेले. मी भाकर घेऊन मागून गेले तर काय बघते, बाकीच्या जीपा भरून चालल्या आन् हे आपल्या जीपला टेकून उभे, तोंड उघडून राहिले, गळ्याच्या शिरा फुगल्यात, आन् एक मानूस मागं वळून बघंना. काय सांगू तुमाला, मला असं झालं की भाकर तिथंच ठिवावी आन् रडावं. पन रडले न्हाई. पदर खोचला, बोनेटजवळ उभी राहिले आन् वरडले, सेनगाव! सेनगाव सेनगाव सेनगाव! अख्खं स्टँड वळलं की हो. पानटपरीवाल्याच्या हातातला चुना सांडला. हे तर माझ्या तोंडाकडं बघतच राहिले, माझा खरा आवाज यवढ्या वर्सात पहिल्यांदा ऐकला की त्यांनी. जीप भरली. घरी आले तर सासू इचारून राहिली, गया, बाजारात कोन बाई वरडत व्हती गं, बाई हाय का भोंगा? म्हनलं मामी, मीच. त्यांनी वाटीभर दूध गरम करून त्यात हळद घातली आन् माझ्यापुढं ठिवली, म्हनल्या, घसा जपत जाय.

तव्हापासून मी रोज संगं जाते. पुढं डाव्या बाजूला माझी शीट, ती कोनाला देत न्हाईत हे. घरी काय व्हतं, लेकाचा टीव्ही चालू, लेकरांचा गोंधळ, मिक्सर, कुत्रं, त्यात यांचं बोलनं कुनाला ऐकू येनार? दोनदा सांगून बघायचे, तिसऱ्यांदा हात हलवायचे, राहू दे म्हनून, आन् गप बसायचे. पन जीपमधी मी जवळ, सुना रस्ता, तिथं बोलायचे. आन् किती बोलायचे! तो मोठा आवाज व्हता तव्हा नुसता चहा आन, सामान आन, पान्याचं बघ, एवढंच. आता बारीक बारीक बोलायला लागले. त्या वावराच्या धुऱ्यावरच्या बाभळीत सुगरनीनं खोपे केलेत बघ. त्या मानसाची तूर औंदा बरी हाय. एक दिवस म्हनले, तुला बघायला आलतो ना, तव्हा पोह्यात मीठच न्हवतं, तरी मी दोनदा मागून घेतले. म्हनलं अहो, मंग हे आता सांगता? म्हनले, यवढ्या जोरात कसं सांगावं असली गोष्ट? मी हसून हसून पदर तोंडात धरला, मागची शिटं म्हनली, वहिनी, काय झालं काय.

आता टायरचं सांगते, ती गोष्ट गावात ऐकूनच तुमी आमच्याकडं आलता. चारी टायर झिजून पार गुळगुळीत झाले व्हते, नक्षी म्हनून राहिली न्हवती, हात फिरवला तर गोट्यावर फिरवल्यावानी. आन् तांड्याचा रस्ता म्हंजे काळी माती. फाट्यापासून आत गेलं की एक नाला लागतो, त्याच्या उताराला पावसाळ्यात लोन्यावानी चिखल असतो. आमच्या जीपशिवाय दुसरी गाडी त्या दिवसात आत जात न्हाई. एकदा बाजारच्या दिवशी तांड्यावरच्या बाया घेऊन उतरून राहिलो, तर जीप सरळ जायची सोडून आडवी सरकली, ब्रेक दाबला तरी सरकून राहिली, बाया वरडल्या, मी यांचा हात धरला, आन् नाल्याच्या कडेला एका दगडाला चाक अडलं म्हनून थांबली. कुनाला काही झालं न्हाई. पन हे उतरले आन् चारी टायरांवरून हात फिरवून आले. मंग माझ्या कानाशी येऊन म्हनले, नवीन टायर घातल्याबिगर आता मी कुनाच्या लेकीबाळी घेऊन येनार न्हाई.

सेनगावला ज्याला इचारावं तो म्हनायचा, मड टायर घ्या. म्हंजे मोठमोठ्या खाचांचे, ट्रॅक्टरवानी दिसतात, चिखल कसाबी असू द्या, कापत जातात. तिथं एका खडीवाल्याच्या जीपला ते व्हते. तो मोठा चांगला मानूस, म्हनला, फिरवून बघा की. हे चालवायला बसले, मी संगं. चिखलात घातली तर काय चालली हो, म्हशीनं चिखलात शिरावं तशी, मजेत. हे लेकरावानी खुश झाले. मंग डांबरी रस्त्याला लागलो आन् खालून आवाज सुरू झाला, घुंऽऽ घुंऽऽ, पिठाच्या गिरनीत बसल्यावानी. हे माझ्याकडं बघून बोलून राहिले, हसून राहिले, काहीतरी लई मजेचं सांगून राहिले, आन् मला एक अक्षर ऐकू येईना. नुसते ओठ. मी बी हसले, मान हलवली. उतरल्यावर म्हनले, मंग, काय वाटतं तुला? म्हनलं, ब्येस हाय. दुसरं काय बोलनार? तांड्याच्या बाया नाल्यात जाऊ द्या, मला यांच्या गप्पा ऐकायच्यात, असं कसं म्हनावं? मला लाज वाटली त्या इचाराची. पन इचार जाईना.

हिंगोलीला दुकानात गेलो. दुकानदार मुसलमान, वयस्कर, निम्मं हिंदी निम्मं मराठी बोलनारा. म्हनला, आओ भाभी, बैठो. हे माझ्या कानात सांगायचे आन् मी मोठ्यानं दुकानदाराला सांगायची, आमचं तसंच चालतं सगळीकडं. हे म्हनतात, चारी एकाच मापाचे एकाच जातीचे पाहिजेत. दुकानदार म्हनला, बिलकुल बराबर, फोर बाय फोरला दोन नवे दोन जुने चालत न्हाई, चाकं कमी-जास्त फिरली की खालच्या गिअरला तकलीफ व्हती. हे म्हनतात, ताजा माल दाखवा. मंग त्यांनी टायरच्या अंगावरचे आकडे दाखवले, कव्हा तयार झाला ते त्याच्यावर असतंय, हे वाकून बोट लावून वाचून राहिले. मंग हे म्हनले, मड टायर द्या म्हनावं.

मी म्हनलं, हे म्हनतात मड टायर द्या. आन् मी म्हनते नको.

दुकानदार यांच्याकडं बघाया लागला. हे माझ्याकडं. हे कानात म्हनले, काहून नको? मी मोठ्यानं म्हनलं, हे म्हनतात काहून नको. मी म्हनते, मला न्हाई आवडत. हे म्हनतात, टायर काय साडी हाय का आवडायला? मी म्हनते, दुसरे बघू की, दुकानात काय मड टायरच हायेत का. हे म्हनतात, त्या दिवशी नाल्यात काय झालं इसरली का? मी म्हनते, इसरले न्हाई. आता तुमीच बघा, एकटी बाई दोन्ही बाजूंनी भांडून राहिली, दोघांचा राग एकाच तोंडानं. पंक्चर काढनारे कारागीर उठून आले, एक गिऱ्हाईक चहाचा कप घेऊन जवळ सरकलं. दुकानदार म्हनला, भाभी, तुमी नेमकं कुनाशी भांडून राहिल्या? सगळे हसले. हे बी हसले, पन डोळे माझ्यावरच. कानात म्हनले, गया, खरं सांग, काहून?

आन् खरं कानात सांगता येतं का मला? माझा आवाज तुमी ऐकूनच राहिले. मी हळूच म्हनायला गेले आन् अख्ख्या दुकानाला ऐकू गेलं. म्हनलं, ते टायर लई वाजतात, आन् मला तुमचं बोलनं ऐकू येत न्हाई. घरी तर न्हाईच येत. जीपमधी बी न्हाई आलं, तर मंग कुठं ऐकू मी?

कुनी हसलं न्हाई. चहावाल्या गिऱ्हाइकानं कप खाली ठिवला. हे जवळ आले आन् माझ्या कानात काहीतरी म्हनले. ते मी मोठ्यानं सांगितलं न्हाई. दुकानदारानं इचारलं, भाईसाब काय म्हनले, कोनते टायर काढू? म्हनलं, ते टायरचं न्हवतं. ते मला व्हतं.

मंग त्या मानसानं आतून दुसरे टायर काढले, ऑल टेरेन म्हनतात त्याला, मी निम्मे-निम्मे म्हनते. खाचा हायेत पन लहान, डांबरीवर गप चालतात, चिखलात बी बरे. हे म्हनले, इचार, काळ्या मातीत जमंल का. दुकानदार म्हनला, झूट न्हाई बोलत, मड टायरची बराबरी न्हाई. पन लई चिखल आला तर टायरची थोडी हवा सोडा, टायर पसरतो, धरून चालतो, आन् बाहेर आले की परत भरा. पायानं मारायचा पंप बी त्यांनीच दिला, त्याचं काही घेतलं न्हाई. हे बराच येळ त्या खाचांवरून बोट फिरवत राहिले. मंग माझ्याकडं बघून मान हलवली.

येताना मला एक एक शब्द ऐकू आला. काय बोलले ते इचारू नका.

पन खरी परीक्षा श्रावनात झाली. झड लागलती, तांड्यावरून एका बाळंतिनीला माहेराहून सासरी न्यायचं व्हतं, लेकरू सव्वा महिन्याचं. रस्ता निम्मा नाल्यात गेलता. उताराला यांनी छोटा लिव्हर ओढला, चारी चाकं लावली, हवा आधीच सोडली व्हती, आडवी सरकली न्हाई जीप, धरून धरून उतरली. पन पल्याडच्या चढाला रुतली. चाकं जागच्या जागी फिरून राहिली. यांचं तोंड उतरलं. माझ्या मनात आलं, गया, तुझ्यापाई झालं हे. मी खाली उतरून तांड्याकडं तोंड केलं आन् हाक मारली, काय मारली असंल, तांड्याचा म्होरक्या नाईक, त्याच्यापासून सगळे आले पळत. कुनी घरच्या पऱ्हाट्या आनल्या, कापूस झाल्यावर जळनाला ठिवतात त्या, चाकाखाली आंथरल्या, कड कड वाजल्या आन् जीप निघाली वर. लेकरू झोपलंच व्हतं, त्याला काही पत्ता न्हाई.

नाईक यांना म्हनला, दादा, नवे टायर घ्यायचेच व्हते तर मोठ्या खाचांचे का न्हाई घेतले? हे माझ्याकडं बघायला लागले. मंग मी सांगितलं, सगळं, चिखलात उभी राहून, जसं तुमाला सांगून राहिले तसंच. वाटलं आता हे लोक रागावनार, रुतनार आमी आन् गप्पा तुमच्या. नाईकाची म्हातारी माय व्हती तिथं, डोक्यावर पोतं घेऊन भिजत उभी. ती म्हनली, बाई, तुमी दोघं बोलत जा, पऱ्हाट्या आमी टाकू. आन् खरंच हो. त्या वर्सापासून मिरगाच्या आधी नाल्याच्या दोन्ही बाजूला पऱ्हाट्यांचे भारे रचून ठिवतात ते, वरून ताडपत्री झाकून. औंदा तर चढाला मुरूम बी टाकला आपल्या हातानं.

डॉक्टर म्हनतात, आवाज आता येवढाच राहनार. मी बी सोडून दिलंय, कशाला झुरायचं. स्टँडवर मी वरडते, रस्त्यात हे बोलतात. आन् आता एक नवीनच सुरू झालंय, हे बोलाया लागले की मागची शिटं आपआपसात म्हनतात, गप बसा रे, ते बोलून राहिले. समदी जीप चिडीचूप. मंग कुनीतरी मागून इचारतं, वहिनी, काय म्हनले? आन् सांगन्यासारखं असलं तर मी सांगते मोठ्यानं, सगळे हसतात, हे स्टेअरिंग धरून गालात हसतात.

असं हाय बघा आमचं. चहा घ्या, थंड झाला. देव तुमाला बरं ठिवो, तुमच्या घरच्या मानसांना बी. आन् सेनगावला जायचं असंल तर थांबा जरासं, आमीच सोडतो. पुढची शीट तेवढी मागू नका.