मॅडम कुठल्या पेठेच्या?

हसा तुम्ही, पण शिवाजी पेठेत दवाखाना चालवायचा तर घशाआधी फुटबॉल कळावा लागतो.

पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल टीमसाठी मैदानावर सगळ्यात मोठ्यानं ओरडतो तो बंडा. मॅचच्या आदल्या दिवशी आला तो आवाज बसवूनच.

"मॅडम, अँटिबायोटिक द्या. जोरातलं. उद्या मॅच हाय."

तपासलं. नाक गळतंय, खोकला आहे, ताप नाही, घशात पू नाही.

म्हटलं, "व्हायरल आहे. अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही. मिठाच्या पाण्यानं गुळण्या करा आणि दोन दिवस गप्प बसा."

"गप्प?" त्यानं दाराकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "मॅडम, तुमी पलीकडच्या पेठेच्या न्हाईसा न्हवं?"

"मी बाहेरगावची, मुरगूडची."

टीम हरली. बंडाचा घसा आपोआप बरा झाला, पण त्याचं श्रेय मला मिळालं नाही. हरल्याचं मिळालं.

पुढच्या मॅचआधी तो मेव्हण्याला घेऊन आला. मेव्हणा पलीकडच्या पेठेचा, तिकडचा ओरडणारा.

"पावण्यांचा घसा धरलाय. ह्येंनाबी तेच औषध सांगा की. गुळण्या आन् गप्प."

बघितलं तर अंगात सणसणून ताप, खोकला अजिबात नाही, गळ्याला गाठी, टॉन्सिलवर पांढरा पू. हे व्हायरल नव्हतं, मी अँटिबायोटिक लिहून दिलं.

बंडानं ती चिठ्ठी ओढून घेऊन वाचली. मग उठून मेव्हण्याला म्हणाला,

"चला पावणं. मॅडम तुमच्याच पेठेच्या हाईत. मुरगूड आपलं सांगायचं म्हणून सांगत्यात."