एक ओळ वर

...आणि मागणी काय माझी? एक ओळ वर घ्या, बस! तुम्हाला सांगतो, चौतीस वर्षं कचेरीत लोकांचे अर्ज शेरे मारून परत पाठवले, पण अर्ज परत आल्यावर माणसाचं काय होतं ते आता कळतंय.

झालं काय, आमच्या हिनं दोनशे पानं आठवणी लिहिल्या होत्या, कॉम्प्युटरवर, ते फुकटचं सॉफ्टवेअर असतं ना, जगभरची माणसं हौसेनं बनवतात, त्यात. ते मध्येच अडायला लागलं. म्हणून मी त्याची माहितीपुस्तिका उघडली. मी वाचणार, ही बटण दाबणार. कचेरीची सवय, एका वेळी एकच ओळ, काम झालं की बरोबरची खूण. सातवी ओळ, 'सगळं पुसून नव्यानं सुरू करा, हे बटण दाबा.' दाबलं. खूण केली. आठवी ओळ, 'मात्र त्याआधी प्रत काढून ठेवा.'...

ही शांतपणे म्हणाली, "सासूबाईंचं प्रकरण तुम्ही वाचलं होतंत ना?"

आता वाचलं होतं हो, माझ्या आईबद्दल त्यात काय काय लिहिलंय तेही! पण म्हणून मी मुद्दाम...? मुलगी फोनवर म्हणते, बाबा, खरं सांगा, मी आईला नाही सांगणार!

म्हणजे मी निर्दोष सुटायचं तर चूक पुस्तिकेची आहे, हे ती लिहिणाऱ्यांनीच मान्य करायला हवं. तिथं कुणीही दुरुस्ती सुचवावी, अशी पद्धत. सुचवली. एक ओळ वर घ्या, बस! तर त्यांच्यातला एक, टोपणनाव झोपाळू अस्वल, विचारतो, बदल तपासून पाहिलात का? लिहिलं, होय, पत्नीवर. दुसरा म्हणतो, आठवी ओळ सातवी झाली तर सातवीचं काय करायचं, यावर आधी चर्चा व्हावी. तिसरा म्हणतो, इतकी वर्षं कुणाची तक्रार नव्हती... अहो, ज्यांचं पुसलं गेलं ते तक्रार कशात लिहिणार? एकोणीस दिवस! इकडे ही जेवताना 'घ्या' म्हणत नाही, नुसतं पातेलं सरकवते. मी दोन घास खातो, उठून स्क्रीन बघतो, परत येऊन बसतो. एक ओळ हो, एक ओळ वर!

विसाव्या दिवशी मंजूर. खाली अस्वलानं लिहिलं, 'चूक आमचीच होती.' हिला हाताला धरून आणलं. तिनं चष्मा लावून दोनदा वाचलं.

"बरं झालं," म्हणाली. "मी पुन्हा लिहायला घेतलंय. सासूबाईंचं थोडक्यात आटोपलं या वेळी. तुमचीच तीन प्रकरणं होतायत."

म्हटलं, लिही बाई... फक्त आधी प्रत काढून ठेव.