बाळकुमच्या भावजींना खडवलीला पाठवताना

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या ‘निळाई हाइट्स’चे चेअरमन माननीय तानाजीराव, खडवलीहून स्वतःचा टेम्पो घेऊन आलेले प्रमुख पाहुणे श्री. साईनाथ, ज्यांच्या शब्दाखातर हा समारंभ होतो आहे त्या पहिल्या रांगेतल्या आदरणीय गोदूबाई, सगळ्या विंगांमधून वेळात वेळ काढून आलेल्या बंधुभगिनींनो, आणि माझ्या डाव्या हाताला निळ्या टाकीत विराजमान असलेले आजचे सत्कारमूर्ती, शिवराम भावजी.

सोसायटीत नुकतेच राहायला आलेले काही जण मागे उभे दिसतात. त्यांच्या चेहऱ्यावरून वाटतं, की त्यांना कोणी काही सांगितलेलं नाही. तर सांगते. सत्कारमूर्ती हा मासा आहे. जातीने कटला, वजनाने एखाद्या पाचवीतल्या मुलाएवढा. आज आपण त्यांना निरोप देतो आहोत. ते साईनाथांच्या शेततळ्यात राहायला जात आहेत, आणि तिथे जिवंत पोचावेत एवढीच आजच्या कार्यक्रमाची अपेक्षा आहे. टाकीची घरघर ऐकू येते ती हवेच्या पंपाची. तिच्यामुळे माझं बोलणं कमी ऐकू आलं तरी चालेल, पण ती बंद करायची नाही.

माझी ओळख करून देताना आपल्या सूत्रसंचालक केदारने मला ‘फिश एक्सपर्ट’ म्हटलं. मी निवृत्त होईपर्यंत मत्स्यविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना दोन विषय शिकवले, माशांचा आहार आणि पाण्याची गुणवत्ता. इथे राहायला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला लिफ्टमध्ये विचारलं गेलं, की सुरमईला रवा लावावा की तांदळाचं पीठ. मी तांदळाचं पीठ म्हटलं. या सोसायटीने माझा मानलेला हा आजवरचा एकमेव सल्ला.

आपला तलाव बिल्डरने बांधला असं पुष्कळांना वाटतं. बिल्डरने फक्त त्याच्या कडेने फरशा लावल्या आणि जाहिरातीत त्याला ‘वॉटर बॉडी’ म्हटलं. हा तलाव गोदूबाईंच्या शेतातला. त्यांचे यजमान, कै. काळुराम, यांनी जमीन जाण्याच्या आदल्या पावसाळ्यात त्यात मत्स्यबीज सोडलं होतं. बांधकामाच्या सिमेंटमध्ये बाकी सगळे गेले, हे एकटे उरले. काठाशी आले की तोंड उघडं ते उघडंच, म्हणून गोदूबाईंनी त्यांना आपल्या धाकट्या दिराचं नाव दिलं. दीर शिवराम यांचंही तोंड म्हणे कधी मिटत नसे. वहिनी भावजी म्हणते, म्हणून अख्खी सोसायटी भावजी म्हणू लागली. मीसुद्धा म्हणते. इतकी वर्षं शास्त्र शिकवलं, पण दिराला कटला कसं म्हणणार?

आता मूळ दुखण्याकडे येते. इथल्या प्रत्येक घराची अशी ठाम समजूत होती, की भावजींना आपणच तेवढं खायला घालतो, बाकीचे निष्ठुर आहेत. ए विंगेतून इडली, बी विंगेतून शिळ्या पोळीचा कुस्करा, सी विंगेतून फरसाण. केदार व्यायामशाळेतून परतताना आपली प्रोटीन पावडर त्यांच्याशी वाटून घ्यायचा. कारण विचारलं तर म्हणाला, “काकू, त्यांचे शोल्डर्स मस्त आहेत.” माशाला खांदे नसतात, केदार. आणि कटल्याला जठरही नसतं. नुसतं लांबच लांब आतडं. थोडं थोडं टिपून खाणारा जीव तो. त्याच्यापुढे ताट वाढायचं नसतं. जे खाल्लं जात नाही ते तळाशी कुजतं, त्याचा अमोनिया होतो, आणि त्याने माशाचे कल्ले अक्षरशः भाजतात. त्याच खतावर पाण्यात शेवाळ माजतं. आपल्या माहितीपत्रकावर जो सुंदर हिरवा तलाव छापला आहे ना, ते शेवाळ आहे.

तरीही भावजींनी दिवस काढले असते. पण यंदाचा पितृपक्ष आला. आता बाविसाव्या मजल्यावर कावळा येत नाही, ही आपली खरी अडचण. गच्चीवर पान ठेवलं तर कबुतरं येतात आणि कबुतरांवर कोणाच्याच पितरांचा भरवसा नाही. तानाजीरावांनी वैतागून वडिलांचं पान तलावावर नेलं. त्यांच्या वडिलांना हयातीत कुणाच्या हातचं काही पटकन पसंत पडत नसे, असं तेच सांगतात. इथे भजं पाण्याला टेकायच्या आत भावजींनी उचललं. बातमी सगळ्या विंगांमध्ये गेली. कावळा अडून बसतो, बहिणीला बघीन म्हणा, जमिनीचा वाद मिटवीन म्हणा, तेव्हा कुठे चोच लावतो. मासा बिचारा कुठलीच अट घालत नाही. सर्वपित्री अमावास्येला तलावावर रांग लागली होती. वडे, खीर, आमसुलाची चटणी, भोपळ्याची भाजी. कोणीतरी पानाच्या कडेला विडीही ठेवली होती, आजोबांना लागायची म्हणून.

दुसऱ्या दिवशी उजाडताना भावजी पाण्याच्या वर आले आणि तोंड उघड-मीट करू लागले. काठावर सकाळी फिरणारी मंडळी हात जोडून उभी राहिली. पितर तृप्त झाले, भावजी आशीर्वाद देतायत, असं एकाने म्हटलं. दुसऱ्याने उरलेले वडे आणले, अजून मागतायत म्हणून.

बंधुभगिनींनो, तो आशीर्वाद नव्हता. लग्नघरी एका खोलीत वीस पाहुणे दारं-खिडक्या लावून झोपले, की पहाटे कोणीतरी खिडकीशी जाऊन नाक बाहेर काढतं की नाही? दिवसा ऊन असेपर्यंत शेवाळ पाण्याला प्राणवायू देतं, रात्री तेच शेवाळ तो परत घेतं, आणि कुजणाऱ्या वड्यांनाही तो लागतो. पहाटेपर्यंत काही उरत नाही. मासा पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो. भावजी रोज सकाळी वर यायचे, आपण म्हणायचो नमस्कार करतात. ते रोज सकाळी गुदमरत होते.

त्या सकाळी मी कारंजं सुरू करा म्हणून ओरडले. कारंज्याने पाणी उडतं, हवा मिसळते, साधी गोष्ट आहे. परंतु वीजबिलाच्या कारणावरून ते सर्वसाधारण सभेत ठराव करून बंद केलेलं, आणि सभेने बंद केलेलं कारंजं सभेशिवाय सुरू कसं करायचं, असा प्रश्न अध्यक्षांना पडला. तो त्यांना चपला घालतानाही पडलेला होता. तोपर्यंत मी हास्यक्लबला काठावर ओळीने बसवलं, पाय पाण्यात सोडायला लावले आणि लाथा मारा म्हटलं. सवयीने ते हसूही लागले. एक जीव गुदमरतोय आणि साठी ओलांडलेली माणसं पाय आपटत हा-हा-हा करतायत, हे दृश्य बाळकुमच्या रस्त्यावरून जाणाऱ्यांनी पाहिलं आहे, आणि त्यावर माझ्याकडे काही खुलासा नाही. पण भावजी तगले. पुढे केदारने ठरावाविना बटण दाबलं. त्याबद्दल त्याला सोसायटीची कारणे दाखवा नोटीस गेली आहे आणि कारण त्याच्या शेजारी टाकीत पोहत आहे.

मला वाटलं, आता लोक शिकले. दुसऱ्या दिवशी बघते तर काठावर मऊ भात, पेज, मुगाची खिचडी. दुखण्यातून उठलेत, अशक्तपणा असेल. त्या दिवशी मी ठरवलं, की पाणी सुधारता येईल पण ही माणसं सुधारायची नाहीत. मी साईनाथांना फोन केला. ते माझे जुने विद्यार्थी. त्यांच्याकडे शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा वजनावर मोजून घालतात, पाणी दर आठवड्याला तपासतात, आणि आसपास एकही विंग नाही.

राहिल्या गोदूबाई. त्यांना सांगायचं मी दोन दिवस टाळलं, हे कबूल करते. रोज पहाटे त्या काठावर बसतात, भावजी वर येतात, दोघांचं बोलणं होतं. हे बोलणं म्हणजे काय होतं, ते मला त्यांना सांगायचं होतं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “शिवराम पन शेवटाला असाच करं, बाय. दमा होता त्याला. आमाला वाटं, कायतरी बोलतंय.” आणि पुढे म्हणाल्या, “न्या याला. पन गुपचूप नको नेव. तुमच्या त्या मॅनेजरला हालमधी शाल दिली, भाशनं केली. यो त्याच्या आदीपासून हितं हाय.”

हे मी कार्यकारिणीला जसंच्या तसं सांगितलं. म्हणून हा समारंभ. हार मी नाकारला, फुलांवर औषध मारलेलं असतं. शाल टाकीवर पांघरली आहे, कारण अंधारात मासा शांत राहतो. मी आजवर पाहिलेल्या सत्कारांत शालीचा एवढा शास्त्रीय उपयोग झालेला नाही. नारळाचं काय करायचं ते अध्यक्षांनी ठरवावं.

एक नियम मात्र होता. प्रवासाआधी दोन दिवस माशाला उपाशी ठेवायचं, म्हणजे वाटेत तो टाकीतलं पाणी घाण करत नाही. मी फलकावर स्वच्छ लिहिलं, की भावजींना दोन दिवस उपास आहे. संध्याकाळपर्यंत पहारेकऱ्याकडे साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी जमा झाली. डी विंगेने शेंगदाण्याचे लाडू पाठवले, सोबत चिठ्ठी, की एकादशीलाही चालतात. पहारेकऱ्याचं वजन वाढलं, भावजींचा उपास पार पडला.

मागच्या रांगेतले ते गृहस्थ, होय, आपणच. तो पेढा खिशात ठेवा. प्रसाद आहे, कळलं मला. तुम्ही खा.

माझ्यानंतर पत्रिकेत चार भाषणं आणि एक स्वागतगीत आहे. बाहेर ऊन चढतंय आणि साईनाथांच्या सिलिंडरमध्ये एवढ्या वक्त्यांना पुरेल इतका प्राणवायू नाही. तेव्हा अध्यक्षांची क्षमा मागून मी सुचवते, की अध्यक्षीय भाषण टेम्पो निघाल्यावर, मागे उरलेल्यांसमोर करावं. त्यांना त्याची गरजही जास्त आहे.

साईनाथांचे आभार, केदारचे आभार, हास्यक्लबच्या पायांचे विशेष आभार. भाषण संपवताना चुका पोटात घाला असं म्हणायचा रिवाज आहे. ते मी श्रोत्यांना म्हणते. सत्कारमूर्तींना म्हणत नाही, आपण त्यांच्या पोटात घातलं तेवढं पुष्कळ झालं.

आणि गोदूबाई, तुमच्याशी दोन शब्द. मी मघापासून बघते आहे, तुमची उजवी मूठ पदराखाली आहे. भात आहे ना? असू दे. टाकीशी जाऊन या, पाण्यावर हात फिरवा, पण मूठ उघडू नका. तुम्ही टेम्पोत पुढे साईनाथांशेजारी बसून जायचं आहे, ते मी बोलून ठेवलंय. रात्री तिथेच राहा. उद्या पहाटे शेततळ्याच्या काठावर बसा आणि भावजींना हाक मारा.

ते वर येणार नाहीत. पुन्हा हाक माराल, तरी येणार नाहीत. पाणी नुसतं शांत दिसेल. तुम्हाला वाईट वाटेल, इतक्या वर्षांत असं कधी झालं नाही म्हणून. मला वाटू नये, पण मलाही वाटेल. तेव्हा एवढंच लक्षात ठेवा, बाई. हाक मारून भावजी आले नाहीत, की त्यांचं बरं चाललंय.

चला, टाकी उचला. दोन्ही बाजूंनी धरा, आणि हळू.