रुमालाखालचा हात

आमचं गाव वारंगा फाट्याच्या आत, कळमनुरी तालुक्यात, आन् मी जन्मलो तवा आमी परभणी जिल्ह्यात होतो, हिंगोली वेगळा लई मागून झाला. घरात मेंढरं, शेळ्या. बाप माझा हुशार माणूस, पण जनावर विकायची येळ आली की दोरी धरून मुक्यासारखा उभा राहायचा, कारण दोन दलाल एकमेकांचा हात रुमालाखाली धरायचे, बोटं दाबून भाव करायचे, आजूबाजूला गर्दी असली तरी कोणाला पत्ता लागायचा न्हाई, बापाला तर न्हाईच. सौदा पटला की दलाल रुमाल झटकून खांद्यावर टाकायचा. रुमाल झटकला की संपलं, मंग ब्रह्मदेव आला तरी सौदा फिरत न्हाई. मी लेकरू होतो, पण तवाच मनाशी ठरवलं की एक दिवस त्या रुमालाखाली माझा हात राहील. आन् राहिला. कोणी शिकवलं न्हाई, कोणाच्या पाया पडलो न्हाई, भांडून भांडून शिकलो.

मंग फाट्यावर ती संस्था आली, नव्वदच्या पुढची गोष्ट. बायांचे गट करायचे, गटाला शेळ्या द्यायच्या, असं काम. शेळ्या वाढल्या, बोकड झाले, पण बाजारात दलाल बायांना लुटून राहिले, तवा संस्थेचे सर माझ्या घरी आले, म्हणले मामा, आमच्या बायांचा माल तुमी विका. विकला. काय सांगू तुमाला, लई वर्षं विकला, आन् एका बाईला कधी कमी भाव मिळू दिला न्हाई, आजबी कोणालाबी इचारा. संस्थेत मला मान होता. सरांच्या बाजूची खुर्ची माझी होती.

आता मूळ गोष्ट सांगतो. संस्थेच्या भिंतीवर निळ्या रंगात मोठं लिहिलं होतं, सक्षम महिला, समृद्ध गाव. एकदा बाहेरून पाहुणे आले, त्यांनी एकेकाला इचारलं, तुमची संस्था कशासाठी आहे. एक पोरगं म्हणलं शेळ्या वाटायला, दुसरं म्हणलं बचत गोळा करायला, ड्रायव्हर म्हणला साहेब लोकांना येळेवर पोचवायला. भिंतीकडं कोणी पाहिलंबी न्हाई. पाहुणे गेले आन् सरांचं तोंड उतरलं. मंग त्यांनी पुण्याची एक बाई बोलावली, सगळ्यांना संस्थेचं स्वप्न समजावून द्यायला.

बाई चांगली होती, नाव ठेवत न्हाई. तिनं मोठे कागद लावले, रंगीत पेनं वाटली, डोळे मिटा म्हणली, वीस वर्षांनंतरचं गाव पाहा म्हणली. निम्मे झोपले. बाकीच्यांनी डोळे उघडून भिंतीवरलं होतं तेच कागदावर लिहून काढलं. माझं डोकं फिरलं. उभा राहिलो, म्हणलं बाई, असं न्हाई कळणार यांना, हे तुमचं स्वप्न म्हंजी एक बोकड समजा, मी गिऱ्हाईक, एकेकानं मला विकून दाखवा. बाई हसली, म्हणली करा. सर पुढं आले, म्हणले बाया सक्षम होतील. म्हणलं सर, दात दाखवा, तोंड उघडून पाहिल्याबिगर मी जनावर घेत न्हाई, सक्षम म्हंजी ती बाई करील काय. सर अडखळले. दुसरा आला, विकास म्हणला. म्हणलं याला तर पायच न्हाईत, फाट्यापर्यंत तरी चालंल का हे. लोक पोट धरून हसून राहिले. मीबी रंगात आलो होतो, खोटं काहून बोलू.

तवा रुक्मीण उठली. तांड्यावरची बाई, गटातूनच पुढं आलेली, संस्थेनं नुकतीच कामावर घेतलेली. म्हणली मामा, मी विकू का. म्हणलं विक माय. ती म्हणली, माझा बोकड तुमी विकता, भाव चांगलाच आणता, पण तो मला तुमी सांगितल्यावर कळतो, ज्या दिवशी तुमच्या जागी माझा हात राहील त्या दिवशी ते भिंतीवरलं खरं, हे पाहा त्याचे दात. असं म्हणली, आन् पुढं येऊन माझ्या खांद्यावरला रुमाल ओढला, आपल्या हातावर टाकला आन् तो हात माझ्यापुढं केला.

परक्या बाईचा हात आमच्याकडं कोण धरतं हो, तेबी भर सभेत. म्हणूनच तर त्या रुमालाखाली कधी बाईचा हात गेला न्हवता, आन् हे मला, बाजारात जन्म काढलेल्या माणसाला, त्या दिवसापर्यंत दिसलं न्हवतं. सर उभेच राहिले. मागं सरावं तर हरल्यासारखं. धरला हात. तिच्या बांगड्या वाजल्या, आन् तिनं माझं एक बोट दाबलं, बराबर, दलाल दाबतात तसं. म्हणलं कुठं शिकलीस गं. म्हणली, दोरी धरून तुमच्या मागंच तर उभी राहते मी, तुमचं कोपर कसं हलतं ते पाहत. मी असा हबकलो की सवयीनं रुमाल झटकला आन् खांद्यावर टाकला. टाकल्यावर भान आलं. म्हणलं एक बोट म्हंजी एक काय. म्हणली, एक बाजार. येत्या बाजारी तुमी घरी राहायचं.

रुमाल झटकून झाला होता, माझ्याच हातानं.

त्या बाजारी मी अंगणात येरझारा घालून राहिलो. जेवण गेलं न्हाई. दिवस कलला तवा ड्रायव्हर आला, त्यानं सांगितलं की बायांनी रुमाल चालूच दिला न्हाई, भाव तोंडानं बोला म्हणल्या, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू येईल असा. दलाल उठून गेले, चहा पिले आन् परत आले, बोकड त्यांनाबी पाहिजेच होते. म्हणलं मंग सर काय करत होते, पोरं काय करत होती. म्हणला, दोऱ्या धरून मागं उभे होते. ऐकून मी खालीच बसलो. पण एक सांगतो, त्या दिवसापासून संस्था कशासाठी आहे हे कोणालाबी इचारा, ड्रायव्हरलाबी, बराबर सांगायचे.

मंग दर बाजारी बायाच माल विकायला लागल्या, मला कोणी बोलावलं न्हाई. शाल दिली, नारळ दिला, खुर्ची उचलली. त्याची तकलीफ न्हाई. राग कशाचा आहे सांगू का, पुढं जो पाहुणा येईल त्याला सर सांगायचे की पुण्याच्या बाईंनी आमचे डोळे उघडले. पुण्याच्या बाईंनी. खेळ माझा, रुमाल माझा, हात माझा, आन् नाव पुण्याच्या बाईंचं. हे मी मरेपर्यंत इसरणार न्हाई, लिहून घ्या.

आता मी माझा धंदा करतो, बोकड घेतो, बायांकडूनच. मागल्या बाजारी रुक्मिणीपुढं उभा राहिलो, बोकडाचे दात पाहिले, पाठ चाचपली, हात आपसूक रुमालाकडं गेला. ती म्हणली मामा, बोला, मोठ्यानं बोला. काय सांगू तुमाला, मी एवढा भांडखोर, सगळा बाजार माझ्या आवाजाला भितो, पण भाव असा कधी तोंडातून निघालाच न्हवता, जीभच उचलंना. चार बाया पाहून राहिल्या, तिचा बोकड माझं धोतर चघळून राहिला. शेवटी बोललो. ती म्हणली ऐकू न्हाई आलं. परत बोललो. तिनं नुसती मान हलवली, अजून वर चढा म्हणून. चढलो. मंग हसली, दोरी माझ्या हातात दिली, म्हणली जपून न्या मामा, लाडाचा आहे.

देव तिचं बरं करो. कवडी सोडली न्हाई तिनं, आन् सोडली असती तर तिथंच भांडलो असतो तिच्याशी.