एकशे बेचाळीस पानं

नाही, पण मी म्हणतो, एवढंसं पुस्तक वाचायला माणसाला सात दिवस लागावेत? चौतीस वर्षं ड्युलूथ शहराच्या कचेरीत जमिनीच्या नोंदी तपासल्या मी, एवढी पानं तर पहिल्या कॉफीआधी संपवायचो. आणि हे काय, तर नाताळची गोग्गोड कादंबरी! मुखपृष्ठावर बर्फ, बर्फात खिडकी, खिडकीत दिवा, दिव्याखाली कुत्रं... एकशे बेचाळीस पानं हो!

तुम्हाला सांगतो, हे वेड माझं नव्हे, माझ्या बायकोचं, आर्डिसचं. दर डिसेंबरात असलं एक आणायची. रात्री जेवणं झाली की मी भांडी विसळायचो आणि ती टेबलाशी बसून मोठ्यानं वाचायची. दहावं पान झालं की मी हात पुसून शेवट काय होणार ते चिठ्ठीवर लिहायचो, पाकिटात घालून चिकटवायचो, वर तारीख. कारकून तो कारकून! नाताळच्या आदल्या दिवशी ती पाकीट फोडायची. एकतीस वर्षं, एकतीस पाकिटं, सगळी बरोबर. अगं, मग वाचायचं कशाला? तर म्हणायची, "शेवट माहीत असतो म्हणून तर निवांत वाचता येतं, ऑर्व्हल. तू विसळ."

जुलैत डॉक्टर म्हणाले, आता आठवडे मोजा. तर ही बाहेर आली, गाडीत पट्टा लावला आणि फोन कोणाला केला? मुलीला? पाद्र्याला? छे... वाचनालयाला! नाताळच्या नव्या पुस्तकासाठी रांगेत माझं नाव घाला म्हणून. मी गाडी सुरू केली. म्हणाली, "मी नसले तर तू पुरं कर. मधेच टाकलंस तर याद राख."

सप्टेंबरात गेली.

आणि डिसेंबरात फोन, आर्डिसबाईंचं पुस्तक आलंय. आता ती गेली म्हणून सांगावं तर तिचं कार्ड बंद, पुस्तक पुढच्या माणसाला... म्हणून मी काय केलं, या वयात, दर रविवारी चर्चला जाणारा माणूस? तिला सर्दी झालीय म्हणालो! बाहेर उणे वीस, कोणालाही पटेल. काउंटरवरची ब्रिएल, नवीन पोरगी, वर बजावते, त्यांना गरम सूप द्या, आणि सात दिवसांत परत हं, लोक थांबलेत.

झालं! घरी आलो आणि लक्षात आलं, विसळणं आणि वाचणं एका माणसाला एका वेळी जमत नाही. म्हणून आधी भांडी, मग पुस्तक. पण मनात वाचून काही डोक्यात शिरेना, म्हणून मोठ्यानं. कुत्र्याचा आवाज ती काय सुरेख काढायची! मी काढून पाहिला, तर शेजारचा लायल दार वाजवून विचारतो, कुत्रं पाळलंस की काय रे? दिवसाला वीस पानं झाली की घसा बसायचा. घसाच, दुसरं काही नाही. एकशे बेचाळीस पानं हो!

गोष्ट तीच. शहरातली बाई मावशीचं घर विकायला गावात येते, तिथे नाताळची झाडं विकणारा विधुर, मधे कुत्रं. दहाव्या पानावर सवयीनं चिठ्ठी लिहिली: घर विकत नाही, लग्न होतं. पाकीट, तारीख. यात दुसरं व्हायचंय काय?

सातव्या दिवशी शेवटच्या पानावर आलो... आणि ती बाई घर विकते. गाडीत बसते आणि जाते! तो हात हलवतो, घरी येतो, कुत्र्याला खायला घालतो, शेकोटी पेटवतो आणि तिच्यापुढे बसतो. आणि म्हणे त्याला बरं वाटतं. संपलं! बत्तिसाव्या वर्षी पहिल्यांदा माझी चिठ्ठी चुकली... आणि मला चिडवायला घरात माणूस नाही. पाकीट तसंच ठेवलंय. ते फोडायचं काम माझं नव्हतंच कधी.

पुस्तक परत करायला गेलो. ब्रिएलनं विचारलं, बाईंची सर्दी कशी आहे, त्यांना आवडलं का? म्हटलं आता बस झालं.

"पोरी, ती सप्टेंबरातच गेली. मी वाचलं. आणि शेवटी काय होतं माहितेय, ती बाई..."

पोरीचे डोळे भरले हो, माझ्या हातावर हात ठेवला. मग माझ्यामागे उभ्या असलेल्या बाईकडे बघून हळूच म्हणाली, "आजोबा, शेवट नका ना सांगू. अजून सेहेचाळीस जण रांगेत आहेत."

आता मला सांगा, सेहेचाळीस जण, प्रत्येकी सात दिवस... तोवर मी हे कोणाशी बोलायचं? म्हणून म्हटलं, तुम्हाला सांगावं. तुमच्यापैकी रांगेत कोणी नाही ना?

...तुम्ही आहात? कितवा नंबर?

जाऊ द्या. तुमच्या घरी वाचून दाखवायला कोणी असेल, तर अजूनही बिघडलेलं नाही.