माझ्याच खडूची फुली

अहो, फुली काढली त्याचं मला काही नाही, पण ती माझ्याच खडूने काढावी? …घराच्या दारावर, बेलच्या बरोबर खाली, वीतभर लांब, आणि वर दोन-दोनदा गिरवलेली! फुलीखाली तारीख, तारखेखाली घर क्रमांक चौदा आणि त्याखाली इंजिनची सही. इंजिन म्हणजे माझी वर्गातली मैत्रीण. एकदा बोलायला लागली की मधे स्टेशनच येत नाही, म्हणून इंजिन. त्या दिवशी तिचा खडू संपला होता आणि सकाळी मीच, तुम्हाला सांगते, मी स्वतः माझा खडू मोडून अर्धा तिच्या हातात दिला होता. "घे गं, तुझ्या वाटणीची गल्ली मोठी आहे." ती गल्ली माझीच, घर माझंच, खडूही माझाच!

थांबा, फुली कसली ते आधी सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल आमच्याकडे काही भानामती वगैरे…

तर मी शिकते. म्हणजे शिकत होते. सार्वजनिक आरोग्य आणि समाजकार्य, दोन वर्षांचा अभ्यासक्रम. प्रवेश घेतला तेव्हा लेक पोटात होती. हे असलं काही शिकतात हे आमच्या नातेवाइकांना अजून पटलेलं नाही. आत्येसासूबाई दर भेटीत विचारतात, "म्हणजे तू डॉक्टर होणार?" नाही. "मग नर्स?" नाही हो. "मग इंजेक्शन कोण देणार?" ते दुसरे देतात. "मग तू काय करणार?" मी लोकांना ते घ्यायला सांगणार. यावर त्या म्हणतात, "एवढ्याला दोन वर्षं?" आणि माझा दीर, तो तर पुढचा. "वहिनी, समाजकार्य हे मनापासून करायचं असतं ना, मग त्याची परीक्षा कशी घेतात?" आता याला काय सांगणार? घेतात बाबा! तीन तासांची घेतात!

तर दुसऱ्या वर्षाला आम्हाला वस्तीत पाठवतात. दारोदार जायचं, घरात लहान मूल आहे का विचारायचं, लसीचं कार्ड बघायचं. तोंडी काही ऐकायचं नाही, कार्डच बघायचं. सगळ्या लसी झाल्या असतील तर दारावर बरोबरची खूण, एखादी राहिली असेल तर फुली. ती फुली पुसायची ती लस झाल्यावरच, आणि पुसायची तीही आम्हीच. शिवाय एक फॉर्म. त्यात आठ चौकटी, लस का राहिली त्याच्या. मूल आजारी होतं, घरच्यांचा विरोध, केंद्र लांब पडतं, आई घरी नव्हती, वगैरे वगैरे, आठवी चौकट 'इतर'. मग दारात उभं राहून, पेन उघडून, आवाजात साखर घालून विचारायचं, "कारण काय लिहू?"

हे वाक्य मी फार छान म्हणते. मॅडमनी वर्गात सगळ्यांसमोर म्हणून दाखवायला लावलं होतं. मान थोडी तिरकी, ओठांवर जरासं हसू… "कारण काय लिहू?" समोरची आई लगेच खाली बघायला लागते! मग म्हणते, "पुढच्या आठवड्यात नक्की नेते हो ताई." सगळ्याजणी हेच म्हणतात, आणि मी मनात म्हणायची, घ्या, आली पुढच्या आठवड्यावाली. आणि 'आई घरी नव्हती' या चौकटीचा तर मला इतका राग! शोधनिबंधात दोन पानं लिहिलीत त्यावर. आई घरी नव्हती हे काय कारण झालं? आई नव्हती तर बाकीची माणसं काय घराला टेकू द्यायला ठेवली होती का? अर्थात निबंधात जरा सभ्य भाषेत लिहिलंय.

आणि आता ऐका. माझी लेक दहा महिने उलटून गेलेली, आणि तिची नवव्या महिन्याची गोवराची लस… राहिलेली.

अहो, असं बघू नका! राहिली म्हणजे राहिली! पहिल्या आठवड्यात तिला सर्दी होती. दुसऱ्या आठवड्यात सर्दी गेली पण येईलसं वाटत होतं. तिसऱ्यात माझी परीक्षा. चौथ्यात नवरा दुकानात अडकला, तो चष्मे करतो, आणि एकटीने कसं नेणार? पाचव्यात… पाचव्याचं मला आता आठवत नाही, पण होतं काहीतरी, वजनदार होतं. सासूबाई रोज विचारायच्या. सासूबाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, एकतीस वर्षं. त्यांचं बोलणं अजूनही तीन मिनिटांच्या कॉलच्या हिशेबाने असतं. "मी नेऊ?" "नको आई, मी असल्याशिवाय नको." "कधी?" "पुढच्या आठवड्यात नक्की." "ठीक." संपला कॉल.

यात गंमत काय, तर माझ्या निबंधातलं तिसरं प्रकरण आहे, 'घरातील ज्येष्ठांचा विरोध'. आमच्या घरातली ज्येष्ठ एका पायावर तयार, आणि प्रकरण लिहिणारी…

बरं, स्वतःच्या गल्लीचं सर्वेक्षण स्वतः करायचं नाही, ओळखीमुळे भीड पडते, हा नियम कोणी सुचवला असेल? मी. मॅडमनी शाबासकी दिली होती. आणि इंजिनला कोणी बजावलं होतं, "ओळखीचं घर असलं तरी सोडायचं नाही हं, कार्ड बघायचंच"? मीच! मला वाटलं होतं, मैत्रीण आहे, माझं घर बघून हसत पुढे जाईल. इंजिन कसली हसते? तिने बेल वाजवली, सासूबाईंनी दार उघडलं, कार्ड मागितल्यावर कार्ड आणून दिलं, आणि ही काय म्हणते, "आजी, कारण काय लिहू?" माझ्याच सुरात! मान तिरकी करून! आणि सासूबाई म्हणाल्या, "लिहा. आई घरी नव्हती."

संध्याकाळी मी जिना चढून आले आणि दारात अशी उभी राहिले की नवऱ्याला वाटलं किल्ली हरवली. फुली बघितल्यावर तो म्हणाला, "एवढंच ना? ओलं फडकं आणतो." मी किंचाळले! "हात लावू नकोस! लस झाल्याशिवाय पुसता येत नाही!" तो फडकं घेऊन तसाच उभा. "अगं, पण आपलं दार आहे." असू दे, नियम म्हणजे नियम.

आता तुम्ही म्हणाल, मग सकाळी उठून टोचून आणायची. तीच तर पंचाईत! गोवराची लस आमच्या केंद्रात फक्त शुक्रवारी. हा होता बुधवार. आणि गुरुवारी मॅडम फुल्यांची फेरतपासणी करणार होत्या. साधी तपासणी नव्हे हो ती. आमच्या सबंध वर्गातून एकीला केंद्रात समन्वयक म्हणून घेणार होते, कायम नोकरी, आणि मॅडमनी ती एक कोण हे या तपासणीवर ठरवायचं होतं. शर्यतीत दोघीच उरलेल्या, मी आणि इंजिन. दोन वर्षं, तुम्हाला सांगते, आधी पोट सांभाळत, मग एका हाताने पाळणा हलवत दुसऱ्या हाताने साथरोगांच्या नोट्स काढल्यात मी. आत्येसासूबाईंना एकदा तरी सांगायचं होतं, हे बघा, यासाठी दोन वर्षं!

गुरुवारी मॅडमनी डब्यातून चिठ्ठी काढली. एकोणीस फुल्या होत्या डब्यात. एकोणीस! "घर क्रमांक चौदा," मॅडम म्हणाल्या.

मी म्हटलं, "मॅडम, तिथे कुत्रं आहे."

"मला कुत्री आवडतात."

"जिना अंधारा आहे."

"माझ्याकडे टॉर्च आहे."

"त्या घरातली माणसं जरा… विक्षिप्त आहेत."

"उत्तम. मग तुम्हीच बोला, मला तुमचं समुपदेशन ऐकायचंच आहे."

इंजिन आमच्या मागे चालत होती. दोन वर्षांत पहिल्यांदाच तोंडातून वाफ नाही. मी वाटेत दोनदा चुकीच्या गल्लीत वळून बघितलं, पण मॅडमच्या हातात नकाशा होता, आणि नकाशाही मीच काढलेला, इतका नेटका की चुकायची सोयच नाही ठेवलेली.

आणि मग मी माझ्या घराची बेल वाजवली.

सासूबाईंनी दार उघडलं. कडेवर लेक. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मॅडमकडे बघितलं, माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे बघितलं. एकतीस वर्षं लोकांची बोलणी कानाआड करण्यात गेलेली बाई! चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही. "बोला," म्हणाल्या.

मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "नमस्कार आजी, आम्ही आरोग्य केंद्रातून आलोय."

"अस्सं. या."

आम्ही माझ्याच सोफ्यावर बसलो. मॅडमनी वही उघडली. मी सकाळी वाळत घातलेला माझा कुर्ता समोर खिडकीत हलत होता. "आजी, बाळाची गोवराची लस राहिलीये." "हो ना." "बाळाची आई कुठे असते?" सासूबाईंनी पुरता श्वास घेतला. "आई ना, कामाला जाते हो. दुसऱ्यांची मुलं बघायला. फार शिकलेली आहे." "मग… आईला काही शंका आहेत का लसीबद्दल?" "ते तुम्हीच विचारा तिला. मला सांगत नाही." मला दरदरून घाम! आणि इंजिन, ती नालायक, मान खाली घालून खांदे हलवतेय!

मी तरी पुढे रेटलं. "हे बघा आजी, ताप येतो तो एखाद-दोन दिवस, घाबरण्यासारखं काही नसतं…" आणि तेवढ्यात माझा आवाज ऐकून लेकीने सासूबाईंच्या कडेवरून माझ्याकडे झेप घेतली. सरळ झेप! ओळखपत्राची दोरी धरली, पत्र तोंडात घातलं, आणि मग ते टाकून दूध शोधायला लागली. ओढणी ओढतेय, हुंकार देतेय, मी एका हाताने ओढणी सावरतेय आणि दुसऱ्या हाताने फॉर्म…

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बाळ फारच माणसाळलेलं आहे," म्हणाल्या. मग खिडकीतल्या कुर्त्याकडे बघितलं. भिंतीवरच्या आमच्या लग्नाच्या फोटोकडे बघितलं. माझ्या मांडीवरचा फॉर्म उचलून स्वतःकडे घेतला, पेन उघडलं, आणि मान तिरकी न करता, न हसता विचारलं, "कारण काय लिहू?"

तुम्हाला सांगते, मी पुढचा आठवडा म्हणायला तोंड उघडलं होतं. आलंच नाही. म्हटलं, "मॅडम, मला सगळं माहितीये. ताप का येतो, किती येतो, काय करायचं. लस नाही दिली तर काय होऊ शकतं तेही माहितीये, आकड्यांसकट. पण मागच्या वेळी मांडीत सुई गेली ना, तेव्हा रडायच्या आधी एक क्षण तिने माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. तिला मी धरलं होतं ना, घट्ट. म्हणजे… तूच धरलंस का मला, असं. आणि नंतर दिवसभर ताप, मी थर्मामीटर लावत बसलेली. बेचाळीस बायकांना काही होत नाही म्हणून सांगून आले मी. आणि मला तो क्षण परत नकोय, बस."

इंजिनचे खांदे थांबले होते. सासूबाई उठून पाणी आणायला गेल्या.

मॅडमनी आठही चौकटींवरून पेन फिरवलं. "यात बसत नाही हे." फॉर्म माझ्याकडे परत दिला. "'इतर'मध्ये लिहा. तुमच्या अक्षरात. आणि उद्या दहा वाजता केंद्रात."

शुक्रवारी दहाला गेलो आम्ही. लेकीला मी धरलं. दंडावर सुई गेली, तिने माझ्याकडे बघितलं, मीही बघितलं. मग ती रडली, अकरा सेकंद. मोजले मी. बाराव्या सेकंदाला तिला नर्सबाईंचं घड्याळ दिसलं आणि विषय संपला. मी मात्र बाहेर बाकावर बसून चांगली अर्धा तास रडले, तेव्हा इंजिन शेजारी पाण्याची बाटली घेऊन उभी, अवाक्षर न काढता. संध्याकाळी तिनेच येऊन फुली पुसली.

नोकरी? इंजिनला मिळाली. मॅडम म्हणाल्या, "तिने मैत्रिणीचंही दार सोडलं नाही." बरोबरच आहे हो, मीही तिलाच दिली असती… दुसऱ्या दिवशी, राग उतरल्यावर. मलाही मिळाली एक, सहा महिन्यांच्या बोलीवर. घाबरलेल्या आयांना भेटायचं. फॉर्मवर आता नववी चौकट आहे, 'आईला सगळं माहीत आहे, तरी भीती वाटते', आणि खरं सांगते, सगळ्यात जास्त खुणा तिथेच पडतात. मी जाते, बसते, म्हणते, माझ्याही दारावर फुली होती. मग त्या हळूहळू बोलतात आणि शुक्रवारी येतात. मला वाटायचं माझ्या समुपदेशनाचा गुण. परवा एक आई म्हणाली, "नाही हो ताई, तुमच्यासारखी फजिती नको म्हणून आले."

आणि गेल्या महिन्यात परत बेल वाजली. दारात इंजिन, आता साहेबीण, हातात फॉर्म. लेक दीड वर्षाची. "पुढचा डोस?" तारीख पाठ होती हो, चांगली पाठ होती, पण तिला जरा खोकला होता आणि… मी तोंड उघडलं, "पुढच्या आठ—"

"झाला," आतून सासूबाईंचा आवाज. कार्ड घेऊन बाहेर आल्या. "शुक्रवारी. मी नेलं. हिला सांगितलं नाही." शुक्रवारी मी पलीकडच्या वस्तीत कुणाला तरी धीर देत होते.

इंजिनने कार्ड बघितलं, तोंडी ऐकत नाही ती, आणि हसू दाबत मान तिरकी केली. "वेळेवर झाला म्हणजे! आजी, कारण काय लिहू?"

"लिहा," सासूबाई म्हणाल्या. "आई घरी नव्हती."

मग इंजिनने पिशवी चाचपली, खिसे चाचपले आणि माझ्याकडे हात पुढे केला. मी आत गेले, खडू आणला, मोडला, आणि अर्धा दिला.